कोविडच्या ऑक्सिमीटरवर बोटातल्या धमन्या आवळताना कशा पाहायच्या

कोविडच्या लाटांमध्ये पुण्यात घरोघरी ऑक्सिमीटर आले. तुमचाही आता कुठल्या तरी खणात जुन्या रिमोटशेजारी पडला असेल. तो काढा, सेल बदला. मज्जारज्जूतून निघालेला सिग्नल चेतातंतूंवरून बोटापर्यंत येतो आणि तिथल्या बारीक धमन्या आवळतो, हे त्यावर घरबसल्या दिसतं.

मी फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकल लॅबमध्ये टेक्निशियन होते. कागदाला काजळी धरायची, तो ड्रमवर गुंडाळायचा आणि बेडकाच्या स्नायूचा आलेख त्यावर ओरखडून घ्यायचा, त्या काळातली. हल्ली सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुली व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी माझ्याकडे येऊन बसतात. पुस्तकातली बाणांची साखळी त्यांना तोंडपाठ असते. अल्फा-वन, आयपी-थ्री, कॅल्शियम, कॅल्मोड्युलिन, घडाघडा. पण "हे सगळं व्हायला वेळ किती लागतो गं?" असं विचारलं की एकमेकींकडे बघतात. माझ्या मते तो वेळ समजला की साखळी पाठ करावी लागत नाही. म्हणून मी आधी बोट यंत्रात घालायला लावते आणि पुस्तक नंतर उघडते.

यंत्राचं एक पाहून घ्या. नुसते ऑक्सिजनचे टक्के आणि नाडीचे ठोके दाखवणारा ऑक्सिमीटर आपल्या कामाचा नाही. पडद्यावर नाडीची लाट धावताना दिसली पाहिजे, किंवा 'पीआय' असा आकडा पाहिजे. दोन्ही असेल तर उत्तमच. यंत्र बोटातून तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असा दोन तऱ्हेचा प्रकाश पाठवतं. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची भर पडते, प्रकाश थोडा जास्त अडतो, आणि त्या चढउताराची लाट होते. धमन्या आवळल्या की ठोक्यागणिक येणारं रक्त कमी होतं आणि लाटेची उंची घटते. पीआय म्हणजे याच चढउताराचं स्थिर प्रकाशाशी असलेलं प्रमाण, टक्क्यांत. स्वस्त यंत्रांची एक खोड असते: लाट लहान झाली की ती आपणहून पट्टी बदलतात आणि लाट पुन्हा पडदाभर मोठी करून दाखवतात. त्यामुळे 'कधी' हे लाटेवरून ठरवा आणि 'किती' हे पीआयवरून. पीआयचा आकडा सरासरी काढून येतो, म्हणून तो लाटेच्या थोडा मागे असतो.

आता बोट. डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी हा प्रयोग करायला बसाल तर यंत्र रेघाच दाखवेल, कारण धमन्या आधीच आवळलेल्या असतील. कोमट पाण्यात हात धरा, पुसून कोरडे करा, दहा मिनिटं निवांत बसा. हात उशीवर, हृदयाच्या उंचीला. नखाला गडद रंग नको. आधीच्या तासाभरात चहा-कॉफी नको. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल, तपकीर ओढत असेल किंवा सिगरेट पीत असेल, तर त्या माणसाचा प्रयोग त्याआधी करा. का, ते पुढे येईलच.

लाट स्थिर झाली की मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ सुरू करा. सेकंद नंतर मोजता येतात, तेव्हा डोळे ताणत बसायची गरज नाही. मग ज्याच्या बोटाला यंत्र आहे त्याने, हात अजिबात न हलवता, एकदम जोरात आणि खोल श्वास आत घ्यायचा. दचकल्यावर घेतो तसा. लगेच सोडून द्यायचा, आणि मग नेहमीसारखा श्वास घेत राहायचं. श्वास कोंडून धरू नका, कुंथू नका. त्याने वेगळ्याच गोष्टी घडतात.

श्वास घेतल्या क्षणी लाटेला फारसं काही होत नाही. दोन-तीन ठोके जातात. मग लाटा एकामागून एक बुटक्या व्हायला लागतात, काही सेकंदांत सगळ्यात लहान होतात, आणि पुढे हळूहळू, बरेच सेकंद घेऊन, पूर्ववत होतात. बोट हललं तर लाट त्या क्षणीच वेडीवाकडी होते, उशिरा नाही. खरा प्रतिसाद आणि हात हलल्याचा गोंधळ यांतला फरक तिथेच ओळखा. पहिल्यांदा नीट दिसलं नाही तर एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा करा. लागोपाठ करत सुटलात तर प्रतिसाद मंदावतो.

मुलींना मी सांगते, व्हिडिओ थांबवा आणि श्वास ते पहिली बुटकी लाट यांतला वेळ वहीत लिहा. मग त्या वेळाचा हिशोब मांडायचा.

छाती एकदम फुगल्याची खबर मज्जारज्जूत पोचते. या प्रतिसादाला वरच्या मेंदूची गरज लागतेच असं नाही, मानेत मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णांमध्येही तो आढळला आहे. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूत सिम्पथेटिक, म्हणजे आपल्या इच्छेविना धमन्या आवळण्यासारखी कामं करवणाऱ्या, चेतापेशी असतात. त्यांचे तंतू बाहेर पडून मणक्याच्या शेजारच्या गाठींच्या साखळीत, म्हणजे गँग्लियामध्ये, संपतात. हातासाठीची जोडणी बहुतेक करून मानेच्या तळाशी आणि छातीच्या वरच्या टोकाला होते. तिथे पहिला तंतू ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतो आणि दुसऱ्या पेशीवरचे निकोटिनिक रिसेप्टर ते पकडतात. मिश्रीतलं निकोटीन याच रिसेप्टरला जाऊन लागतं, शिवाय ॲड्रिनल ग्रंथीलाही उचकवतं, आणि वरून हुकूम नसताना खालचे तंतू पेटतात. मिश्री लावून आलेल्या आजींच्या बोटावर लाट मुळातच बारीक दिसते ती त्यामुळे. एवढा टप्पा सेकंदाच्या लहानशा अंशात उरकतो, हिशोबात धरू नका.

वेळ खाणारा टप्पा पुढचा. गँग्लियामधून निघालेला तंतू बारीक असतो आणि त्याच्यावर मायलिनचं वेष्टण नसतं. त्यातून सिग्नल सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने जातो. तिथपासून बोटाच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचं अंतर पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे पाऊण सेकंद प्रवासातच गेला. तेच बोट वाकवायचा हुकूम नेणारे तंतू जाड, मायलिनचे; त्यांचा वेग सेकंदाला पन्नास-साठ मीटर. तेवढंच अंतर ते पंधरा हजारांश सेकंदांत कापतात. एकच हात, एकच बोट, आणि दोन टपाल खाती.

पण वहीत तर दोन सेकंद किंवा जास्त लिहिलेत. उरलेला वेळ कुठे गेला? तो धमनीच्या भिंतीत गेला.

हाडाच्या स्नायूला चेतातंतू एका ठरावीक जागी चिकटून असतो आणि तंतू-स्नायू जोडी पक्की असते. रक्तवाहिनीत तसं नाही. सिम्पथेटिक तंतू धमनीच्या बाहेरच्या बाजूने जाळ्यासारखे पसरतात आणि त्यांच्यावर थोड्या थोड्या अंतराने फुगीर जागा असतात, त्यांना व्हेरिकॉसिटी म्हणतात. पुरंदरकडे अंजिराच्या बागेत ठिबकची नळी पाहिली असेल तर हे लगेच कळेल: नळी एका मुळाला जोडलेली नसते, जागोजागी झिरपते, आणि ओल आजूबाजूच्या मातीत पसरते. व्हेरिकॉसिटीतून नॉरॲड्रेनालिन, म्हणजे धमनीला आवळायला सांगणारं रसायन, असंच सुटतं. सिग्नल आला की तिथे कॅल्शियम आत शिरतं आणि नॉरॲड्रेनालिनने भरलेली सूक्ष्म पिशवी बाहेर रिकामी होते. तीही दर वेळी नाही. एखाद्या व्हेरिकॉसिटीपुरतं पाहिलं तर बहुतेक सिग्नल काहीच न सोडता पुढे निघून जातात. व्हेरिकॉसिटी असंख्य असतात म्हणून एकूण परिणाम गुळगुळीत दिसतो.

तंतू भिंतीतल्या स्नायूच्या थरात खोल जात नाहीत, बाहेरच्या कडेलाच थांबतात. आतल्या पेशींपर्यंत निरोप कसा जातो? काही नॉरॲड्रेनालिन झिरपत जातं आणि काही काम पेशी आपसात करतात, कारण शेजारशेजारच्या स्नायूपेशींत विद्युत बदल सरकायला गॅप जंक्शनची दारं असतात. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

नॉरॲड्रेनालिन हेच ते रसायन, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवलं. त्याच साली पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूलचं कॉलेज झालं. १९४८ साली अमेरिकेत रेमंड अॅल्क्विस्ट यांनी रिसेप्टरांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट मांडले, आणि ते पुण्यातल्या एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजच्या, स्थापनेचं साल. परीक्षेला साल लागत नाहीत, पण एकदा असं जोडून घेतलं की मरेपर्यंत विसरत नाही. नॉरॲड्रेनालिन एकटंही नसतं. त्याच पिशव्यांतून एटीपी बाहेर पडतं आणि ते आधी, झटकन काम करतं. तंतूंवर सिग्नलांचा भडिमार झाला तर न्यूरोपेप्टाइड-वाय सुटतं आणि त्याचा परिणाम बराच वेळ रेंगाळतो.

आता स्नायूपेशीच्या आत. अल्फा-वन रिसेप्टरला नॉरॲड्रेनालिन लागलं की जी-प्रोटीन जागं होतं, ते फॉस्फोलायपेज-सी या एन्झाइमला चालना देतं, त्यातून आयपी-थ्री हा निरोप्या रेणू तयार होतो आणि तो पेशीच्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो. पेशीपडद्यावरचे कॅल्शियमचे मार्गही उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत येतं. आपल्याकडे घरटी एक माणूस रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेतो. ते नेमके हे मार्ग अडवतं. कॅल्शियमचे चार अणू कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतात, ती जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज नावाच्या एन्झाइमला कामाला लावते, ते मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आणि मग कुठे मायोसिन ॲक्टिनच्या धाग्याला धरून ओढतं. हाडाच्या स्नायूत कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटलं की वाट अडवणारं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि काम सुरू. इथे ट्रोपोनिन नाही. एकामागून एक रासायनिक पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला वेळ लागतो. तुमच्या वहीतला उरलेला सेकंद-दीड सेकंद तो हा. शिवाय रो-कायनेज नावाचं एन्झाइम फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमला दाबून ठेवतं, म्हणून थोड्या कॅल्शियमवरही आकुंचन टिकतं.

लाट परत मोठी व्हायला इतका वेळ का लागतो, तेही यातच आलं. सुटलेलं नॉरॲड्रेनालिन तंतू बरंचसं परत आत ओढून घेतात, काही रक्तात वाहून जातं. स्नायूपेशीला कॅल्शियम साठ्यात भरावं लागतं, फॉस्फेट उतरावं लागतं. हे परत ओढणं ज्युलियस अॅक्सलरॉड यांनी उलगडलं, आणि १९७० चं नोबेल त्यांना फॉन ऑयलर आणि बर्नार्ड कॅट्झ यांच्याबरोबर मिळालं.

केशवाहिन्यांना स्नायूच नसतो, त्या आवळत नाहीत. आवळतात त्या त्यांच्या आधीच्या बारीक धमन्या, आणि बोटाच्या टोकाला धमनीतून थेट शिरेत जाणारे आडमार्ग असतात ते. आवळायचं प्रमाण थोडं असलं तरी पुरतं. एखाद्या नळीची त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी झाली तर, बाकी सगळं तेच धरून, प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. निम्मी झाली तर सोळावा हिस्साच उरतो. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, म्हणून. हा नियम १८४० च्या दशकात मांडणारे प्वाझय हे फ्रेंच डॉक्टर होते.

अल्फा-वनचं महत्त्व पुस्तकातून पटत नसेल तर महाडला जा, निदान मनाने. कोकणात लाल विंचू चावला की माणूस पूर्वी बऱ्याचदा दगावायचा. त्या विषाने चेतातंतूंवरचे सोडियमचे मार्ग मिटायचे थांबतात आणि सिग्नल सुटतच राहतात. सिम्पथेटिक तंतू आणि ॲड्रिनल ग्रंथी मिळून नॉरॲड्रेनालिन-ॲड्रेनालिनचा पूर आणतात. हातपाय गार पडतात, घामाने अंग निथळतं, रक्तदाब चढतो, आवळलेल्या धमन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला असे रुग्ण पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे अल्फा-वन अडवणारं औषध वापरायला सुरुवात केली. विष शरीरात तसंच, पण ज्या कुलपात किल्ली फिरत होती तेच झाकून टाकलं. मृत्यू खूप कमी झाले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. जगभरच्या पुस्तकांत असलेली ही गोष्ट आपल्या एसटीच्या अंतरावर घडली आहे, आणि आमच्या मुलींना ती माहीत नसते याचा मला राग येतो. बाकी, विंचू चावला तर घरी काही करू नका, थेट दवाखाना गाठा.

श्वासाचा प्रयोग जमला की हुकूम मेंदूच्या वरच्या मजल्यावरूनही येतो का, ते पाहा. बोट यंत्रात, माणूस शांत, आणि त्याला अचानक औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायला सांगा. ज्या पिढीला औटकी ठाऊक नाही तिला हजारातून सतरा-सतरा वजा करत जायला लावा, मोठ्याने, आणि भोवती दोन-तीन जण ऐकत बसा. पीआय उतरताना दिसेल. नातेवाईकांसमोर चुकायची भीती हा उत्तम सिम्पथेटिक उत्तेजक आहे. गणित शिकवणाऱ्याच्या बोटावर बहुधा काही होणार नाही, तेही पाहण्यासारखं असतं.

तिसरा मार्ग बर्फाचा. एका हाताला यंत्र, दुसरा हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यात, जास्तीत जास्त एक मिनिट, दुखलं तर आधीच बाहेर. गार हात एक आणि लाट बारीक होते ती दुसऱ्या हाताची. म्हणजे थंडीने थेट नाही, चेतासंस्थेमार्फत. रक्तदाबही तेवढ्या वेळात चढतो. म्हणूनच हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा प्रयोग करायचा नाही.

इथवर आलात की विद्यार्थी विचारतात, मग धमन्या रुंदावायचा सिग्नल कुठला? त्वचेच्या या भागात तरी वेगळा सिग्नल शोधू नका. तंतू विश्रांतीतही सेकंदाला साधारण एक या गतीने सिग्नल सोडतच असतात आणि धमन्या कायम थोड्या आवळलेल्या असतात. दहापर्यंत गती गेली की आकुंचन जवळजवळ टोकाला पोचतं. गती कमी झाली की वाहिन्या आपोआप सैलावतात. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड यांनी १८५१ च्या सुमारास सशाच्या मानेतला सिम्पथेटिक तंतू कापला तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. १८५२ मध्ये ब्राऊन-सेकार यांनी कापलेल्या टोकाला वीज दिली, आणि कान पुन्हा पांढरा, गार. कापलं म्हणजे थांबलं, आणि थांबलं म्हणजे सैलावलं.

हेच सगळं शरीर रोज कशासाठी वापरतं ते पाहायला ऑक्सिमीटर बाजूला ठेवा आणि रक्तदाबाचं यंत्र घ्या. उभं राहिल्यावर पाऊण लिटरपर्यंत रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या टोकांना ते लगेच कळतं, मेंदूच्या देठातून सिम्पथेटिक तंतूंची गती वाढवली जाते, आणि पाय-पोटाच्या वाहिन्या आवळतात. मोजायचं असं: पाच मिनिटं आडवं पडा, दंडाला पट्टा बांधून वाचन घ्या. उठून उभे राहा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला टेका, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा वाचन घ्या. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने, किंवा त्याहून जास्त, उतरला तर वाहिन्या वेळेवर आवळत नाहीत असं समजायचं. मधुमेहाने हे बारीक तंतू खराब झालेल्यांत असं होतं, आणि प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी अल्फा अडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांमध्येही. पहाटे लघवीला उठताना तेच पडतात. त्यांना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवा, पोटऱ्या हलवायला सांगा, मग उभं करा. वाचनांपुढे वेळ, कोणता हात आणि गोळी किती वाजता घेतली ते लिहून कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका.